टीव्ही घ्यायला बरोबर येणारे दादा

काठी गावात कुणाला टीव्ही घ्यायचा असला की आधी दादांना विचारावं लागतं. दादांच्या स्वतःच्या घरी टीव्ही नाही. "रेट अजून उतरायचाय," म्हणतात. माझी इथल्या शाळेत बदली झाली त्याच्याही आधीपासून तो उतरतोच आहे.

यंदा आमच्या शेजाऱ्यांनी आमचूर विकून दहा हजार जमवले. कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या, वाळवायच्या. उन्हाळाभर घरातल्या पोरासोरांचीसुद्धा बोटं काळी. त्यातला एक रुपया जास्त खर्चायचा नाही, असं त्यांच्या आजीने बजावलं आणि जीप अक्कलकुव्याला निघाली. पुढच्या सीटवर अर्थातच दादा. पैसे देणारा मागे, माझ्याजवळ.

दुकानात शिरताच दादांनी 43 इंचीसमोर ठाण मांडलं. "ज्या गावची राजवाडी होळी बघायला गुजरातेतून माणसं येतात, त्या गावाने 32 इंची न्यायचा? होळीचा बांबू आपण कधी आखूड आणलाय?"

शेजारी हळूच म्हणाला, "दादा, दहाच हजार आहेत."

"अरे, सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 28 चा 18 झालाय!"

शेठ शांतपणे म्हणाले, "तो मोठ्यांवरचा. 32 पर्यंत 2019 पासून 18च आहे." दादांनी शेठकडे असं पाहिलं, जणू दर शेठनीच ठरवला असावा.

मग 32 इंचीची तपासणी सुरू झाली. दादांनी खिशातून टेप काढला (तो त्यांच्या खिशात का असतो, हे मी कधी विचारलं नाही) आणि पडदा आडवा मोजला. 28 भरला. "चार इंच कुठे गेले?" दुकानातलं गिऱ्हाईक गोळा झालं. शेठनी टेप तिरपा धरून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत 32 दाखवले. दादा म्हणाले, "तिरपं मोजलं तर आमचं शेतही मोठं भरेल!"

त्यानंतर फोर-के पाहिजे, स्मार्ट पाहिजे. मोबाइलची रेंज आमच्याकडे पाहुण्यासारखी येते आणि चहा न घेताच जाते. स्मार्ट टीव्ही चालवायचा कशावर? घरात लागणार फ्री डिश. त्याला महिन्याचे पैसे नाहीत, पण त्यावर फोर-केसुद्धा नाही. शेवटी साधा 32 इंची ठरला. दादांनी त्यावर शंभर रुपये कमी करून घेतले आणि घाटापर्यंत ते शंभर रुपये आम्हाला तीनदा ऐकवले. देवगोई घाटात टीव्ही आडवा ठेवायचा नाही म्हणून खोका उभा धरला होता शेजाऱ्याने. दादा पुढून "सांभाळ, सांभाळ" म्हणत होते.

घरी वेगळंच निघालं. भिंत कुडाची, खिळा धरेना. टीव्हीचे दोन पाय दोन टोकांना आणि फळी आखूड. शेवटी धान्याच्या कोठीवर आडवी फळी टाकून तो बसवला. खरी पंचाईत डिशच्या छत्रीची झाली. तिला आग्नेयेकडचं आभाळ मोकळं लागतं, आणि अंगणाच्या नेमक्या त्याच अंगाला मोहाचं झाड. पडद्यावर नुसतं निळं.

"फांदी तोडा," दादा म्हणाले.

आजी मोहफुलं वेचायची टोपली घेऊन उठली. "मोहावर कोयता घालायचा? त्यापेक्षा तो खोका परत नेऊन दे."

दादा गप्प. मी त्यांना पहिल्यांदाच गप्प पाहिलं. मग अंगणात चारी बाजूंनी फिरून आभाळ बघितलं, तर मोकळं आभाळ होतं ते फक्त दादांच्या छपरावर. छत्री तिथे चढली, वायर कुंपणावरून इकडे आली आणि संध्याकाळी बातम्या लागल्या.

तेव्हापासून दादा रोज दिवेलागणीला येतात, कोठीसमोर घोंगडी टाकतात आणि म्हणतात, "सिग्नल बघायला आलो." जेवणाची वेळ होईपर्यंत तो नीट दिसत नाही. परवा मालिका चालू असताना आजीने बाजूला सरकायला सांगितलं, तर म्हणाले, "छत्री कुणाच्या छपरावर आहे?"