स्मगलर पूर्वज मिळवा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात, तुमच्या घराण्याचं मूळ असेल, तर आधी अभिनंदन. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्या बिचाऱ्यांना जन्मभर शोधून शेवटी सलगम पिकवणारा खापरपणजोबा मिळतो. तुम्हाला स्मगलर मिळू शकतो. फक्त धीर धरा, आणि पुराव्याच्या फार नादी लागू नका.

सरावासाठी मॉर्वेनस्टो घेऊ. कॉर्नवॉलचं पार उत्तरेचं टोक, शेजारी डेव्हन, एक जुनं नॉर्मन कमानींचं चर्च आणि खाली गलबतं फोडायलाच बसवल्यासारखे कडे. याहून चांगली शाळा नाही.

१. पूर्वज आधी ठरवा, मग शोधा. उलट क्रमाने गेलात तर जो निघेल तो पदरी घ्यावा लागतो.

२. चर्चच्या नोंदवह्यांपासून सुरुवात करा. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवा, असा हुकूम थॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये काढला. म्हणून तुमच्या गावची वही १५३८ पासूनची असेलच असं नाही. ओल, उंदीर, आळशी पाद्री आणि मधलं यादवी युद्ध यांनी बरीच पानं खाल्ली आहेत. निराश होऊ नका. कोरी वर्षं हेच तुमचं भांडवल. त्या काळात तुमचे पूर्वज काय वाटेल ते करत असू शकतात, आणि नाही म्हणायला कोण येणार?

३. आडनावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. पाद्री कानाला लागेल तसं लिहायचा, आणि ज्याचं नाव त्याला बहुधा वाचता येत नव्हतं. एकाच माणसाची तीन स्पेलिंगं सापडली तर तीन पूर्वज मोजा. तीन माणसांचं एकच स्पेलिंग निघालं तर त्यातला बरा दिसेल तो आपला.

४. तारखा वाचताना घाबरून जाऊ नका. जून १७२० मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७२० मध्ये मूल, असं दिसलं की नवशिक्या वही मिटून घाम पुसतो. अहो, १७५२ पूर्वी इंग्लंडात नवं साल २५ मार्चला लागायचं. फेब्रुवारी जूनच्या नंतरचा आहे. सगळं रीतसर आहे. (आता बोटं मोजून बघाल, तर आठच महिने भरतात. म्हणूनच सांगतो, मोजू नका.)

५. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या वहीत छापील रकाने आले आणि बापाचा धंदा लिहिणं भाग पडलं. इथे भल्याभल्यांचा वंशवृक्ष वाळतो. ‘मजूर’, खाली ‘मजूर’, पान उलटलं की परत ‘मजूर’. ‘स्मगलर’ असं कुणीही लिहून देत नसे, हे लक्षात ठेवा. तेव्हा ‘मजूर’ म्हणजे दिवसा मजूर, असा अर्थ लावायला शिका. रात्रीचा रकाना सरकारने छापलाच नव्हता.

६. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांपुढच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायची पद्धत होती. एकोणचाळीसची बाई पस्तिशीची होई. पणजीबद्दल आदर असेल तर ते वय कायम करा.

७. गरिबांच्या मदतीचे कागद टाळा. हे नीट ऐका, कारण उत्तम चाललेली संशोधनं इथेच बुडतात. १६६२ च्या कायद्याने, परगावचा माणूस आपल्या पॅरिशच्या डोक्यावर बसणार असं वाटलं तर त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये धाडून देता येत असे. त्याआधी त्याची उलटतपासणी व्हायची : जन्म कुठला, वर्षभर सलग चाकरी कुणाकडे केली, बायको कुठली, मुलं किती. तो सांगायचा, कारकून लिहून घ्यायचा आणि खाली हा माणूस फुली मारायचा. सही येत नसल्यामुळे मारलेली ती फुली कधी वाकडी असते, कधी दाबून काढलेली. अख्ख्या घराण्यात एवढाच माणूस स्वतःच्या तोंडाने बोललेला सापडतो. पण तो बोलतो काय, तर सहा पेन्सची मदत द्या. दिवाणखान्यात टांगायला हे काय कामाचं? बंद करा ती फाइल.

८. बुडालेल्यांकडे वळायचं तर तारीख बघा. १८०७ च्या डिसेंबरात ‘ॲन्सन’ हे लढाऊ जहाज कॉर्नवॉलच्या लो बारवर फुटलं. तोवर लाटांनी आणून टाकलेली प्रेतं किनाऱ्यावरच, प्रार्थनेशिवाय पुरली जात. त्यावर आरडाओरडा झाला आणि १८०८ मध्ये कायदा आला : असं प्रेत पॅरिशने चर्चच्या आवारात पुरावं. नोंद बहुधा ‘अनोळखी पुरुष, समुद्रातून आलेला’ अशी. नाव नाही, गाव नाही, वारस नाही. इतका सोयीचा पूर्वज दुसरा मिळायचा नाही, पण हौशी संशोधक त्याला ओलांडून पुढे जातात. मॉर्वेनस्टोच्या चर्चमध्ये १८४२ मध्ये फुटलेल्या ‘कॅलेडोनिया’ जहाजाची नाळेवरची पांढरी लाकडी मूर्ती आहे. तिच्यासोबत फोटो काढा, खाली ‘आमच्या घराण्याचा समुद्राशी संबंध’ असं लिहा.

९. आता गुरुमंत्र. रॉबर्ट स्टीफन हॉकर हा १८३४ पासून मॉर्वेनस्टोचा पाद्री. कड्याखाली उतरून प्रेतं वर आणायचा, प्रत्येकाला रीतसर मूठमाती द्यायचा, आणि फुटक्या जहाजांच्या लाकडांची खोपटी बांधून तिच्यात कविता करायचा. त्याने ट्रेलॉनी नावाच्या बिशपवर एक गाणं रचलं आणि १८२६ मध्ये निनावी छापलं. वॉल्टर स्कॉट आणि डिकन्ससारख्यांनी ते जुनं लोकगीत समजून डोक्यावर घेतलं. आज ते कॉर्नवॉलचं जवळजवळ राष्ट्रगीत आहे. ‘क्रूर कॉपिंजर’ नावाचा भयंकर स्मगलरही त्यानेच छापील गोष्टीत रंगवला. मूळ माणूस होऊन गेला म्हणतात. पण चाबूक, आरोळ्या आणि वादळ पाद्रीबुवांच्या पदरचं. तुमच्या आतेबहिणीला जो आजा ‘ऐकून माहीत’ आहे, त्याची मिशी जरा निरखून बघा. कॉपिंजरची निघेल.

म्हणजे प्रेतांची वही खरी ठेवणारा आणि दंतकथा पेरणारा माणूस एकच. तुम्ही त्याचा दुसरा गुण घ्या, पहिल्याला मेहनत फार.

१०. शेवटी सगळं टाइप करा, स्पायरल बाइंडिंग करा आणि एक प्रत रेडरुथच्या ‘क्रेसेन केर्नो’ या अभिलेखागारात देऊन टाका. घ्यायला तयार झाले, तर क्रमांक पडेल. क्रमांक पडला की ती ऐकीव गोष्ट राहत नाही, दस्तऐवज होते. पुढचा नवशिक्या तिचा हवाला देईल आणि तुम्ही त्याचा द्या. देण्याआधी आडनावाचं स्पेलिंग तेवढं एकदाचं ठरवून टाका.