आमच्याकडे तसलं काही नसतं

२००७ साली दिल्ली पोलिसांनी एक पुस्तिका काढली. ईशान्य भारतातून राजधानीत शिकायला आणि नोकरीला येणाऱ्या मुलामुलींनी सुरक्षित कसं राहावं, याच्या सूचना तीत होत्या. अंगभर कपडे घाला, हा सल्ला अपेक्षितच होता. आपल्याकडे कुठे आग लागली तरी पहिली चौकशी मुलींच्या कपड्यांची होते. पण पुस्तिका तिथे न थांबता थेट स्वयंपाकघरात शिरली. बांबूचे कोंब, अखुनी असले उग्र वासाचे पदार्थ शिजवायचेच असतील, तर शेजारपाजारी गोंधळ होणार नाही अशा बेताने शिजवा, असंही तीत होतं. पुस्तिका लिहिणारे अधिकारी स्वतः अरुणाचलचे. म्हणजे हेतू चांगलाच होता. बिचाऱ्यांना दिल्ली माहीत होती.

या पुस्तिकेत उणीव एकच. ती पाहुण्यांसाठी होती. यजमानांसाठी अशी पुस्तिका आजवर कुणी काढलेली नाही. मार खाणाऱ्याने काय खावं, काय ल्यावं, किती वाजता घरी यावं, हे सगळं लिहून ठेवलंय. मारणारा मात्र बिनपुस्तकी राहिला. यमुनेपलीकडच्या एका सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे आम्ही जुने आणि मूक सभासद आहोत. त्या अधिकारात ही उणीव भरून काढत आहोत.

सूचना पहिली : आधी ठामपणे नाकारा. 'आमच्याकडे तसलं काही नसतं' हे वाक्य रोज सकाळी योगासनांनंतर तीनदा म्हणा. वंशद्वेष ही गोऱ्यांनी करायची आणि आपण सोसायची गोष्ट आहे. १८९३ मध्ये पीटरमॅरित्झबर्गच्या स्टेशनावर गांधीजींना डब्याबाहेर काढलं, तेव्हाच या विषयातली आपली बाजू कायमची ठरून गेली. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत आपणच नेला. वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर १९६७ मध्ये सही केली, १९६८ मध्ये त्याला मान्यता दिली. १९९० मध्ये मंडेलांना भारतरत्न दिलं आणि वसंत कुंजमध्ये त्यांच्या नावाचा ऐसपैस रस्ताही आहे. त्याच वसंत कुंज भागात मे २०१६ मध्ये काँगोहून आलेल्या, फ्रेंच शिकवणाऱ्या एका तरुणाला रिक्षा कुणी आधी ठरवली या वादातून ठेचून मारलं. पण रस्त्याला मंडेलांचं नाव दिलं की त्या रस्त्यावरच्या वागणुकीची जबाबदारी नगरपालिकेवर जाते, हे समजून घ्या.

त्या महिन्यात दिल्लीतल्या आफ्रिकी राजदूतांनी आफ्रिका दिनाच्या सरकारी सोहळ्यावर बहिष्काराची भाषा केली. पाठोपाठ छतरपूर भागात आणखी आफ्रिकी नागरिकांना मारहाण झाली. तेव्हा परराष्ट्र राज्यमंत्री जनरल व्ही. के. सिंह यांनी ही किरकोळ बाचाबाची असून माध्यमं ती फुगवताहेत, असं देशाला समजावून सांगितलं. पहिल्या सूचनेचं इतकं चोख पालन फार थोड्यांना जमतं.

सूचना दुसरी : नाकारणं जमलं नाही तर दाखला द्या. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एक शाळकरी मुलगा दगावला. संशय अमली पदार्थांचा होता. पण शेजारचे नायजेरियन विद्यार्थी नरभक्षक आहेत, अशी अफवा उठली आणि पुढे जमावाने एका मॉलमध्ये शिरून आफ्रिकी विद्यार्थ्यांना खुर्च्यांनी बडवलं. शहर शिकलेलं, इमारतींत सत्तावीस मजले, घरोघरी इंजिनियर. तरी अफवेला लिफ्टची गरज पडली नाही. यावर परदेशी वाहिनीवर चर्चा झाली, तेव्हा भाजपचे माजी खासदार तरुण विजय यांनी खुलासा केला, की आम्ही वंशवादी असतो तर सगळ्या दक्षिण भारतासोबत राहिलो असतो का? आमच्या अवतीभवती काळी माणसं आहेतच की! पुढे त्यांनी माफी मागितली. ती मागायला नको होती. वंशवाद नाही हे सिद्ध करताना त्याचा इतका स्वच्छ पुरावा कॅमेऱ्यासमोर आजवर कुणी ठेवला नव्हता.

सूचना तिसरी : घर भाड्याने देताना स्वतः कधीही नाही म्हणू नका. ही सगळ्यांत महत्त्वाची सूचना आहे, म्हणून उदाहरणासह देतो. समजा, नोएडात दोन बेडरूमचा फ्लॅट बघायला मलिक अंबर आला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेतलेला. १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा. भातवडीच्या लढाईत, १६२४ मध्ये, शहाजीराजे ज्याच्या बाजूने लढले तो.

ब्रोकर विचारतो, "सर, काम क्या करते हैं?"

"राज्य चालवतो."

"प्रायव्हेट या गव्हर्मेंट?"

"शहर वसवलंय. नहर काढून घरोघर पाणी दिलंय."

"अच्छा, बिल्डर हैं!" ब्रोकर खुलतो. "और सर, कंट्री?"

"हबशी आहे मी. इथिओपियाचा."

ब्रोकर किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकतो. "देखिए सर, मेरे को तो कोई दिक्कत नहीं है. लेकिन ये ओनर लोग…"

ओनरला फोन लागतो. ओनर म्हणतात, आमचं काहीच म्हणणं नाही हो, आमचा मुलगाच टोरोंटोला असतो. पण सोसायटी ऐकायची नाही. सेक्रेटरी म्हणतात, सोसायटीची हरकत कुठे आहे, पण त्या मजल्यावर फॅमिलीज राहतात. फॅमिलीज म्हणतात, आम्ही तर फार मोकळे. मात्र गेटवरचा गार्ड घाबरतो. गार्डला कुणी विचारत नाही. तो बिहारहून आलाय आणि त्याला याच सोसायटीच्या लिफ्टमधून जायला मनाई आहे. अशा रीतीने एकाही माणसाला काडीची दिक्कत नसताना मलिक अंबर रस्त्यावर उभा राहतो. शेवटी कुणीतरी दयाळू घरमालक मिळतो. दीडपट भाडं, तीन महिन्यांचं डिपॉझिट, करार तोंडी, पाहुणे नकोत, दहानंतर संगीत नको. मलिक अंबर म्हणतो, तुमच्याकडे पाणी टँकरने येतं, नहर काढून देऊ का? सेक्रेटरी घाईघाईने नको म्हणतात. टँकरवाल्याशी वर्षाचं कंत्राट झालेलं असतं.

दिल्ली कोती आहे असं मात्र कुणी म्हणू नये. ऑक्टोबर २०१५ मध्ये याच दिल्लीने आफ्रिकेतल्या ५४ देशांच्या प्रतिनिधींचं शिखर संमेलन भरवलं. ९ सप्टेंबर २०२३ ला भारताच्याच पुढाकाराने आफ्रिकी संघाला जी-२० चं सभासदत्व मिळालं. मिळायला अवघड आहे ते सोसायटीचं.

सूचना चौथी : नाकाचा योग्य वापर करा. आपल्या स्वयंपाकाला येतो तो सुगंध, दुसऱ्याच्या स्वयंपाकाला येतो तो प्रश्न. अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. नागा घरांत त्याशिवाय डुकराच्या मटणाला चव नाही. हुमायूंपूरच्या गल्ल्यांमधल्या हॉटेलांत आता दक्षिण दिल्लीची तरुण मंडळी रांग लावून ते खातात आणि फोटो काढतात. तेच पातेलं भाड्याच्या खोलीत चुलीवर चढलं की घरमालकीण जिन्यात नाकाला पदर लावते. मोमोच्या बाबतीत शहराने अधिक उदारपणा दाखवला. मोमोला तंदूरमध्ये भाजलं, मलाई लावली, वर चाट मसाला भुरभुरला आणि नागरिकत्व दिलं. तो आणणाऱ्या चेहऱ्यांना मात्र अजून रस्त्यातून 'ए मोमो' अशी हाक येते.

सूचना पाचवी : काही घडलंच तर कारण तयार ठेवा. १५ जानेवारी २०१४ च्या मध्यरात्री खिडकी एक्स्टेन्शनमध्ये दिल्लीचे तेव्हाचे कायदामंत्री सोमनाथ भारती कार्यकर्त्यांसह अवतरले आणि युगांडाच्या बायकांच्या घरावर छापा घाला, असं पोलिसांना फर्मावू लागले. वॉरंट नाही, म्हणत पोलीस अडून बसले. त्या बायकांना रात्रीच रुग्णालयात नेऊन अमली पदार्थांसाठी तपासलं गेलं. काही सापडलं नाही. लगेच मुख्यमंत्री रेल भवनाजवळ भर थंडीत रस्त्यावर झोपले. त्या बायकांची माफी मागायला नव्हे. छापा न घालणाऱ्यांसह काही पोलिसांना निलंबित करा, म्हणून. कारण : मोहल्ल्याची तक्रार.

पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, २९ जानेवारीला, लाजपतनगरमध्ये अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया पत्ता विचारायला एका दुकानापाशी थांबला. त्याच्या रंगवलेल्या केसांवरून दुकानातली माणसं हसली, त्याने काच फोडली, त्याला मारलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. कारण : काच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजीव चौक मेट्रो स्टेशनात तीन आफ्रिकी विद्यार्थी जीव वाचवायला पोलिसांच्या काचेच्या केबिनवर चढले आणि खाली जमाव 'भारत माता की जय' म्हणत मारत राहिला. कारण : मातृभक्ती. जून २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबात रीतसर निमंत्रण असलेल्या मेघालयातल्या खासी बाईंना जेवणाच्या टेबलावरून उठवलं, कारण त्यांचा पारंपरिक जैनसेम क्लबवाल्यांना मोलकरणीचा पोशाख वाटला. आणि २२ मार्च २०२० ला, ज्या संध्याकाळी आपण गच्चीत थाळ्या वाजवून राष्ट्रीय एकजूट दाखवली, त्याच दिवशी विजयनगरात स्कूटरवरच्या एका माणसाने मणिपुरी तरुणीवर पान थुंकलं आणि तिलाच 'कोरोना' म्हटलं. कारण : आरोग्याची काळजी.

रिक्षा, काच, कपडे, विषाणू. कारण दर वेळी वेगळं, चेहरे त्याच दोन-तीन प्रकारचे. आता याला योगायोग म्हणायला फार मोठी श्रद्धा लागते. ती आपल्याकडे मुबलक आहे.

परिशिष्ट, खास मराठी वाचकांसाठी : हे सगळं दिल्लीवाल्यांचं, असं म्हणून पान उलटू नका. दिल्लीतल्या मराठी घरात सुकट भाजायची वेळ आली की आधी खिडक्या लावतात, मग उदबत्ती पेटवतात आणि दाराच्या फटीला पायपुसणं सरकवतात. अखुनीचं दुःख आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला कळायला हवं होतं? तरी नोएडात कर्ज काढून घेतलेला दुसरा फ्लॅट भाड्याने देताना आपलाही ब्रोकरला पहिला निरोप जातो तो 'नॉर्थ-ईस्ट आणि आफ्रिकन नकोत' असाच. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली, तेव्हा आपण महाराष्ट्र डोक्यावर घेतला. बरोबरच केलं. ऑगस्ट २०१२ मध्ये पुण्यात ईशान्येकडच्या मुलांना मारहाण झाली आणि कित्येकांनी गुवाहाटीची गाडी पकडली, तेव्हा डोकं जागेवरच होतं, त्यावर महाराष्ट्र नव्हता. आणि वधुवर सूचक जाहिरातीत 'गोरी, सडपातळ' छापून आणणाऱ्यांनी, मुलगी सावळी निघाली तर 'निमगोरी' लिहिणाऱ्यांनी, ग्रेटर नोएडाच्या जमावाकडे निदान नातेवाईक म्हणून तरी बघावं.

पुस्तिका इथे संपली आणि थट्टाही. निडो तानियाच्या मृत्यूनंतर केंद्राने एम. पी. बेझबरुआ यांची समिती नेमली. समितीने जुलै २०१४ मध्ये अहवाल दिला. वंशावरून अपमान करणारा शब्द, हावभाव किंवा कृत्य हा स्वतंत्र गुन्हा ठरवा, त्यासाठी दंडसंहितेत नवी कलमं घाला, असं त्यात स्पष्ट सुचवलं होतं. पोलिसांचं खास पथक आलं, १०९३ ही हेल्पलाइन आली. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा प्रकारांवर लक्ष ठेवायला समिती नेमण्याचे निर्देश दिले. मग सगळी दंडसंहिताच बदलली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण बेझबरुआ समितीची ती कलमं तीत आलीच नाहीत. वंश, जात, भाषा अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला किंवा जबर दुखापत केली, तर खास शिक्षा आहे. गल्लीत एकट्याने रोज शिवी घालणाऱ्यासाठी समितीने सुचवलेली तरतूद कागदावरच राहिली. निडोची गोष्ट मात्र पाच जणांपासून सुरू झाली नव्हती. ती दुकानातल्या एका हसण्यापासून सुरू झाली होती.

ती कलमं आणायला संसद लागते. ती आपल्या हातात नाही. सोसायटीची सभा आहे. पुढच्या सभेत 'अमक्यातमक्यांना घर द्यायचं नाही' असा ठराव आला, तर 'मला काही दिक्कत नाही, पण…' असं म्हणू नका. विरोधात हात वर करा आणि आपलं नाव इतिवृत्तात लिहायला सांगा.