भक्कम पाठिंबा

ठाण्यात कोलशेतचं साडेवीस एकरांचं सेंट्रल पार्क फेब्रुवारी 2024 मध्ये उघडलं आणि आसपासच्या टॉवरांतल्या मंडळींची हक्काची सबब गेली. चालायला जागाच नाही, असं म्हणायची सोय उरली नाही. मग ग्रुप निघाले. एकट्याने चालायला लागलं की शुगर निघाली वाटतं, असं सोसायटीभर पसरतं.

ग्रुपात एक दीक्षित डाएटवाले काका असतातच. दोनच जेवणं, प्रत्येकी पंचावन्न मिनिटांत आटपायची, अधेमधे काही नाही. (मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची, हेही ते रोज सांगतात.) शेजारी दिवेकरवाल्या वहिनी : थोडं थोडं खा, वेळेवर खा, तुपाला भिऊ नका. दोघांत भांडण होईल असं वाटतं, पण कसचं काय! रविवारी चालणं संपलं की गाड्या थेट मामलेदार मिसळीकडे. काका घड्याळ लावून पंचावन्न मिनिटं सत्कारणी लावतात. वहिनी तर्रीवरचा तवंग "फॅट हवंच हो शरीराला" म्हणत पावाने टिपून घेतात.

कुणी "मी नुसतं ताक घेतो" म्हणालाच, तर अख्खं टेबल मदतीला धावतं. "अरे, आठवडाभर घाम गाळलास! एका प्लेटने काय होतंय?" दांडी मारली तर "शरीराचं ऐकलंस, छान केलंस." वजन वाढलं तर "मसल आहे रे ते." मतभेद होतो तो एकाच मुद्द्यावर : तिखट घ्यायची की मध्यम.