सार्वजनिक प्रेम मंडळ

अव्यक्त प्रेमाबद्दल लोक फार हळवं होऊन लिहितात. मनातल्या मनात, कुणाला कळू न देता, वगैरे. आमच्या सांगलीत असली चैन नव्हती. माझं पहिलं प्रेम गल्लीतल्या यच्चयावत पोरांना ठाऊक होतं, कोपऱ्यावरच्या भाड्याच्या सायकलवाल्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिला.

त्याचं कारण, ते माझं एकट्याचं राहिलंच नाही. नववीत असताना मी ते बॅटरीच्या कानात सांगितलं (जाड भिंगाचा चष्मा म्हणून बॅटरी, खरी नावं देत नाही, मंडळींपैकी काही आता सासरे झालेत) आणि दिवेलागणीपर्यंत त्याचं रीतसर मंडळ झालं होतं. गल्लीच्या गणपतीला वर्गणी मागणारी हीच पोरं, त्यामुळे अनुभव दांडगा. एक अध्यक्ष, जाड्या खजिनदार. माझ्या प्रेमासाठी वर्गणी जमायची आणि तिचं भडंग यायचं, ज्यातलं निम्मं जाड्या हिशेब लिहितानाच संपवायचा. माझं स्थान काय, तर मूर्तीचं. उत्सव माझ्या नावाने, पण मला विचारतोय कोण?

गुप्तता मात्र कडक. कृष्णेचं पाणी १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पावसाळ्यात सगळं गाव एकमेकांना ‘किती फूट?’ विचारत असतं, म्हणून आम्ही तीच भाषा उचलली. तिने नुसतं बघितलं तर पंचवीस, हसली तर पस्तीस. भर रस्त्यात ओरडून विचारलं तरी कुणाला शंका नाही. फक्त आम्ही फेब्रुवारीतही विचारायचो, नदीत गुडघाभर पाणी असताना. एकदा तिने खोडरबर मागितला आणि मी थेट चाळिसावर गेलो. तो तिने माझ्या मागच्या बाकावर मागितला होता, असं बॅटरीचं म्हणणं. अध्यक्षांनी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

१९८८ साली ‘कयामत से कयामत तक’ आला. मंडळ अभ्यासदौऱ्यावर गेलं. शेवटी दोघंही मरतात म्हटल्यावर बाहेर पडताना सगळे गप्प. मग अध्यक्ष म्हणाले, “घाई नको लेका. दहावी होऊ दे.”

राखीपौर्णिमेला मला ताप यायचा, म्हणजे आणला जायचा. बाकीचे शाळेत जाऊन कोपरापर्यंत राख्या बांधून घेऊन यायचे, निष्ठेपायी. बॅटरी मात्र माझ्या सोबतीला म्हणून घरीच थांबायचा. एवढा जिवाचा मित्र!

बोलण्याची हक्काची वेळ वर्षातून एकदाच, संक्रांत. वर्गात मुलं-मुली एकमेकांशी बोलत नसत, पण तिळगुळाला कोण अडवणार? महिनाभर अध्यक्षांनी माझी तालीम घेतली. तिने ‘गोड बोला’ म्हटलं की मी म्हणायचं, ‘तू बोलशील तर बोलेन.’ वाक्य अध्यक्षांचं. मला ते आजही बरं वाटतं.

ती आली. स्टीलचा चपटा डबा, त्यात पांढरा काटेरी हलवा, तिच्या बोटांना साखर लागलेली. शाळेच्या रिवाजाप्रमाणे तिने मला आडनावाने हाक मारली. आता आडनाव ऐकलं की काय करायचं, हे पहिलीपासून अंगात भिनलेलं. मी ताडकन उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो,

“हजर!”

वर्ग फुटला. तीही हसली. हे हसणं पस्तिसात धरायचं की नाही, यावर मंडळात दोन तट पडले ते दहावीपर्यंत टिकले. मग ती पुण्याला गेली, जाड्या सायन्सला, अध्यक्ष दुकानात. मंडळाची शिल्लक सव्वा रुपया अजून खजिनदाराकडे आहे.

२०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा खुशाली कळावी म्हणून वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. त्यात पुण्याहून तिचा पहिलाच मेसेज आला, “किती फूट झालं रे?” साध्या प्रश्नाला उत्तर द्यायला पन्नाशीकडे झुकलेले चार बाप्ये पंधरा मिनिटं धजावले नाहीत. शेवटी सायन्सवाल्याने आकडा टाकला.

पूर ओसरल्यावर सगळे भेटलो. ती आता दोन मुलांची आई, आवाज अजून तसाच. बाकीचे पानांवर बसलेले असताना मला बाजूला घेऊन म्हणाली, “एक विचारू? त्या बॅटरीला माझ्याबद्दल काही वाटायचं का रे? सारखा वही मागायला घरी यायचा.”

“छे! काहीतरीच,” मी म्हणालो. वही मागायला त्याला मंडळच पाठवायचं, हे कसं सांगणार? रात्री बॅटरीला हा किस्सा हसत हसत सांगितला. तो हसला नाही. चष्मा काढून पुसत बसला, बराच वेळ, दोन्ही बाजूंनी.

अध्यक्षांनी तातडीची सभा बोलावली आहे. जाड्या म्हणतो, भडंगाचं तेवढं बघा.