तिसरी

कॉलेजच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक मुलगी अशी असते, जिचं स्वतःचं कुठेच काही चालू नसतं आणि बाकीच्यांचं जे काही चालू असतं त्यात हिचा हात असतो. नाव सई, मुग्धा, ऋतुजा, काहीही असू दे. पुण्यात ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असते. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कॉस्टिंगची वही आणि वहीत कॉस्टिंग सोडून सगळं. माझ्या मुलीच्या ग्रुपमधली तिसरी आमच्याच घरी पडीक असते, म्हणून ही जात मला जवळून बघायला मिळाली.

तिच्या वाचनाबद्दल आधी सांगायला हवं, रोगाचं मूळ तिथे आहे. ती फक्त 'वायए' वाचते. वायए म्हणजे यंग अ‍ॅडल्ट. नायिका सोळा-सतरा वर्षांची, गाव बहुतेक वेळा अमेरिकेतलं, आईवडील असलेच तर फार समजूतदार आणि स्वयंपाकघरात कुणीच नाही. एस. ई. हिंटन या मुलीने 'द आउटसायडर्स' लिहायला घेतली पंधराव्या वर्षी आणि ती छापून आली 1967 साली, ही माहिती मला तिनेच दिली. "पंधराव्या वर्षी, काकू! आणि मी तेव्हा काय करत होते? भूमितीचा क्लास." पुस्तकांच्या शिफारशी तिला मोबाइलवर मिळतात. टिकटॉकवर आपल्याकडे 2020 साली बंदी आली, पण रडणाऱ्या वाचकांवर आली नाही. ते इन्स्टाग्रामवर आले. एक मुलगी शेवटचं पान वाचते, डोळे पुसते, पुस्तक छातीशी धरते. हिनेही घरी एकदा तसं करून पाहिलं. आजीने ओवा दिला.

पुस्तक घेताना ती लेखक विचारत नाही, साचा विचारते. आधी वैर मग प्रेम, आधी मैत्री मग प्रेम, खोटंखोटं प्रेम, खोलीत एकच पलंग. हे सगळे साचे तिला इंग्रजीतून तोंडपाठ आहेत. एवढ्यावर थांबली असती तर कुणाची तक्रार नव्हती. पण पुस्तक मिटलं की तिला समोर माणसं दिसत नाहीत, पात्रं दिसतात. वर्गातली दोन मुलं प्रोजेक्टच्या स्पायरल बाइंडिंगच्या पैशांवरून तावातावाने भांडली, की हिचे डोळे लकाकलेच. "एनिमीज टू लव्हर्स," ती माझ्या मुलीच्या कानात सांगते. ते पैसे अजून आलेले नाहीत.

तिचे प्रयोग साधारणपणे पावसाळ्यात सुरू होतात. एका छत्रीत दोघं हा तिचा आवडता प्रसंग. त्यासाठी जुलैमध्ये तिने एका मैत्रिणीची छत्री मुद्दाम स्वतःच्या पिशवीत घातली आणि ज्या मुलाने ती उणीव भरून काढायची, त्याच्याबरोबर तिला पार्किंगपर्यंत पाठवलं. पाऊसही वेळेवर आला. मुलगा पुण्याचा. त्याने स्कूटरच्या डिकीतून रेनकोट काढला, आधी पँट चढवली, मग वरचा भाग, टोपीची नाडी हनुवटीखाली बांधली, "चल, भेटू उद्या" म्हणाला आणि गेला. मुलगी तीन दिवस तापाने झोपली.

मग दिवेआगरची सहल. पुस्तकांतली जोडपी वादळात अडकतात, हॉटेलात एकच खोली उरलेली असते आणि खोलीत एकच पलंग. हिने होमस्टेची एक खोली जाणूनबुजून कमी सांगितली. होमस्टेच्या मालकीणबाईंनी मुलींच्या गाद्या माजघरात घातल्या, मुलांच्या पडवीत, आणि दोन्हींच्या मधल्या दारात स्वतःची चटई टाकून त्या रात्रभर घोरल्या. कोकणात हा साचा चालणार नाही, हे मी तिला आधी सांगू शकले असते, पण तिने विचारलं नाही.

सगळ्यात महाग पडलं ते खोटं प्रेम. जेनी हानच्या 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर' या 2014 च्या कादंबरीत लारा जीन आणि पीटर प्रेमाचं नाटक करायचा रीतसर करार करतात, कलमं लिहून काढतात. हिनेही एक करार लिहिला. चांगला मुद्देसूद होता. बी.कॉम.ला बिझनेस लॉ असतो, त्याचा झालेला एवढाच उपयोग. मुलाला जुन्या मैत्रिणीला जळवायचं होतं, मुलीला काहीच नको होतं, पण तिला हिला नाही म्हणता येईना. दोघं ठरल्याप्रमाणे डेक्कनला हातात हात घालून फिरली. तिथे बसच्या रांगेत मुलाचे काका उभे होते. संध्याकाळपर्यंत मुलीच्या घरी फोन गेला. ओरडायला नव्हे, आडनाव विचारायला. आडनाव जुळलं. दुसऱ्या दिवशी जन्मवेळ विचारली, तीही ठीक निघाली. कुणाचाच विरोध नाही म्हटल्यावर पोरांची पाचावर धारण बसली. हा प्रसंग कुठल्याच अमेरिकन कादंबरीत नसल्याने हिलाही पुढचं काही सुचेना. शेवटी न झालेलं प्रेम मोडायला दोन्ही घरच्यांसमोर बसून खरंखुरं ब्रेकअप करावं लागलं. मुलाची आई रडली. तिला मुलगी पसंत होती.

संध्या मेनन यांच्या 'व्हेन डिंपल मेट ऋषी' या 2017 च्या कादंबरीत तर आईवडिलांनी सुचवलेलाच मुलगा नायिकेला भेटतो, थेट 'भावी पत्नी' म्हणून साद घालतो, आणि ती त्याच्या अंगावर हातातली कोल्ड कॉफी फेकून पळते. हे वाचून ही दोन दिवस तरंगत होती. पण यांच्या कॅन्टीनमध्ये कोल्ड कॉफी साठ रुपयांना मिळते. ती कुणी कुणाच्या अंगावर टाकत नाही.

मराठीतलं काही वाच म्हणून मी तिला मिलिंद बोकीलांची 'शाळा' दिली. आणीबाणीचे दिवस, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि शिरोडकर. रात्रीत संपवून सकाळी डोळे सुजवून परत आणून दिली. "स्लो बर्न आहे काकू. फारच स्लो." मग जिन्यात थांबून म्हणाली, "पण यांच्यात मध्ये एक धड मुलगी हवी होती. सगळं मुलांच्या हातात दिलं, म्हणून वाट लागली." 'शाळा'वरची इतकी नेमकी समीक्षा माझ्या वाचनात आलेली नाही. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'ने एस. पी. कॉलेजचा कट्टा कादंबरीत नेला तो 1982 साली, तेव्हा हिची आई शाळेत होती. पण पुस्तक वाचल्यापासून ही स्वतःचं कॉलेज सोडून त्या कट्ट्याकडे जाऊन बसते.

या पुस्तकांतलं तिचं लाडकं पात्र कोण, तर लारा जीन नाही, पीटर तर नाहीच. लारा जीनची धाकटी बहीण किटी. बहिणीने मुलांना लिहिलेली, कधीच पाठवायची नसलेली पत्रं किटी परस्पर टपालात टाकते. "तिने टाकली नसती तर पुस्तक पहिल्याच प्रकरणात संपलं असतं ना!" हे मात्र मला पटलं. प्रेम दोघांचं असतं हे म्हणायला ठीक आहे. विशीच्या आत ते दोघांना झेपत नाही, त्याला तिसरं माणूस लागतं. कुणीतरी सांगायला, कुणीतरी थापा मारायला आणि 'लायब्ररीत होतो' म्हटल्यावर 'हो काकू, मीपण होते' म्हणायला.

एवढ्या खटाटोपातून एक जोडी मात्र खरोखर जुळली. तीन महिने हिने निरोप नेले, दोघांच्या मेसेजमधल्या टिंबांचा अर्थ लावला, कुणाला किती वेळाने उत्तर द्यायचं ते ठरवून दिलं. जुळल्यावर तिघं अमृततुल्यात गेली. तीन कटिंग, एक क्रीमरोल. क्रीमरोल दोघांनी खाल्ला. मग ती दोघं अ‍ॅक्टिव्हावर बसून निघून गेली आणि ही पैसे देऊन चालत आमच्याकडे आली. रात्री तिने दोघांना हिशोब पाठवला. क्रीमरोल तिघांत वाटला होता. बी.कॉम.ची मुलगी. हिशोब चुकला नव्हता, मुद्दाम तसा केला होता.

सहा महिन्यांनी मोडलं, ते या वयात मोडतंच. आता फोन रात्री साडेअकराला येतो. घरी बाबा ओरडतात म्हणून ती आमच्या गॅलरीत कांद्या-बटाट्याच्या टोपलीशेजारी बसून बोलते. आधी त्या मुलीचा फोन. "तू बरोबर आहेस." मग त्याचा. "हो रे, तूही बरोबर आहेस." मग मुलाची हुडी परत करायची. पुस्तकांत नायिकेकडे नायकाची हुडी असावीच लागते, म्हणून हिनेच ती मिळवून दिली होती, भर मे महिन्यात. साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत हुडी, चार्जर आणि अर्धवट वाचलेली एक कादंबरी असा ऐवज घेऊन ती बसने कोथरूडला जाते, देते आणि दुसऱ्या बाजूची पिशवी घेऊन परत येते. त्या मुलाने काय सांगितलं, तो रडला का, हे माझ्या मुलीने खोदून खोदून विचारलं. ही पोहे खात राहिली.

तेव्हा अशी एखादी तुमच्याकडे येत असेल तर तिला जेवायला थांबवा, भूक नाही म्हणाली तरी ऐकू नका. तुमच्या मुलाची निळी हुडी कुठे गेली, एवढं मात्र तिला विचारू नका. तिला ठाऊक आहे, आणि ती सांगणार नाही.