पुढची चाकं फिरतात का?

जुनी जिप्सी बघायला गेलं की मालक आधी टायर दाखवतो. मग बंपर, मग छतावरचे दिवे, मग सीटची नवी कव्हरं. फोर बाय फोर चालतं का, असं विचारलं की म्हणतो, "चालतं की, दांडा आहे ना!" गेल्या चार महिन्यांत मी सात गाड्या पाहिल्या. सातही ठिकाणी हेच ऐकलं आणि आता माझा संयम संपला आहे.

मला गाडी मिरवायला नको आहे. भोरच्या बाजूला आमचं शेत आहे. पावसाळ्यात शेवटच्या दीड किलोमीटरला साधी गाडी रुतते आणि दर वेळी शेजाऱ्याला ट्रॅक्टर घेऊन बोलवावं लागतं. म्हणून जिप्सी. 1985 साली आली तेव्हा तिला 970 सीसीचं इंजिन होतं, 1996 पासून 1300 सीसीचं आलं, आणि 2019 नंतर ती शोरूममध्ये मिळेनाशी झाली. म्हणजे जुनीच घ्यावी लागणार. हलकी, अरुंद, पुढेमागे पाटे. चिखलाच्या वाटेला याहून वेगळं काही लागत नाही. पण पुढच्या चाकांना ताकद जात नसेल, तर इतके पैसे कशाला मोजायचे?

फोनवर मी प्रत्येकाला विनवतो, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर कुठल्या रंगाचा येतो, हे मला बघायचं असतं. पोचल्यावर बॉनेटला हात लावावा तर ते गरम. "जरा पुसायला बाहेर काढली होती." सातपैकी पाच गाड्या पुसायला बाहेर काढलेल्या होत्या.

सांगलीजवळची गाडी मात्र विसरता येत नाही. बाहेरून चकचकीत, दारावर हातभर अक्षरांत फोर बाय फोर लिहिलेलं. मी पोतं अंथरून खाली शिरलो. चेसिसला ताजा काळा रंग, वास अजून येत होता. मागचा पाटा जिथे चेसिसला अडकतो तिथे स्क्रूड्रायव्हरची मूठ हलकेच आपटली. ठण्ण आवाज यायला हवा होता, आला भद्द. रंगाचा पापुद्रा सुटला, खाली पत्र्याचं ठिगळ वेल्डिंग केलेलं आणि ठिगळाच्या कडेने गंजाचे पोपडे. ते माझ्या तळहातावर पडले. मालकाला दाखवले तर म्हणाला, "वरून कुठे दिसतंय?" वरून दिसत नाही, हे मलाही कळतं. पण शेतातल्या खड्ड्यात सगळा भार तिथेच येतो.

मग जॅक मागितला. तपासणी पाच मिनिटांची असते. पुढच्या चाकांचे हब लॉक करायचे, फोर बाय फोरचा दांडा टू व्हीलवर ठेवायचा, पुढचं एक चाक उचलायचं आणि हाताने फिरवायचं. पुढच्या चाकांना ताकद नेणारा खालचा पुढचा शाफ्ट त्या चाकाबरोबर फिरला पाहिजे. मग दांडा फोर व्हीलवर, गिअर पहिला, हँडब्रेक ओढलेला. आता चाक मोकळं फिरता कामा नये. इथे चाक दोन्ही वेळा भिंगरीसारखं फिरलं. वाकून बघितलं तर शाफ्टच नव्हता. "ॲव्हरेजसाठी काढलाय, घरी असेल कुठेतरी." भाव मात्र शाफ्टसकट लावलेला! पुढच्या आठवड्यात शोधून ठेवतो म्हणाला, त्याला आता दीड महिना झाला.

कागदांचंही तेच. "पेपर क्लिअर" म्हणतात. नंबर ॲपवर टाकला की पासिंग संपलेलं दिसतं. खासगी गाडीला पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग करावं लागतं, ते पाच वर्षांचं मिळतं, वर ग्रीन टॅक्स. एका गाडीवर तर कर्जाची नोंद तशीच होती. बँकेचं पत्र आणून ती काढणं हे विकणाऱ्याचं काम आहे. पण सगळे टीटीच्या, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या, फॉर्मवर सही करून मोकळे होतात आणि आरटीओचे हेलपाटे घेणाऱ्याच्या गळ्यात पडतात.

गाडी जुनी आहे म्हणून माझी तक्रार नाही. गंज असेल, पाटे बसलेले असतील, टायर गुळगुळीत असतील, तर तसं सांगा. मी भाव करीन आणि काम करून घेईन. दोनशे किलोमीटर येऊन, पोतं अंथरून, तुमचा रंग खरवडून ते शोधायला लावू नका.

अजून गाडी मिळालेली नाही आणि पाऊस तोंडावर आला आहे. कुणाला जिप्सी विकायची असेल तर पहिल्याच ओळीत लिहा, पुढचा शाफ्ट जागेवर आहे की नाही. दिवे आणि सीटची कव्हरं तुम्हीच ठेवून घ्या.