उसनी निळाई

सकाळी दहाच्या सुमाराला माईंची आणि माझी धुण्याची दोरी कुंपणाच्या दोन बाजूंना एकदमच भरते. त्यामुळे दिवसाचं निम्मं बोलणं तिथेच उरकतं. परवा माईंच्या दोरीवर अण्णांचा सदरा चक्क आकाशी दिसला. अण्णांनी जन्मात पांढऱ्याशिवाय सदरा घातलेला नाही.

"नीळ जास्त झाली," मी विचारायच्या आत माईंनी सांगून टाकलं. "नातीनं बोलण्यात गुंतवलं आणि अर्धी पुडी बादलीत गेली. वर मलाच म्हणते, आजी, याला आसूल म्हणतात!"

नात सध्या फोनवर स्पॅनिश शिकते आहे. माईंना स्पॅनिशचं वावडं नाही, पण हिशेब लागला नाही की त्यांना चैन पडत नाही.

"अगं, तू ते शब्दांचं वाचत असतेस ना, मग सांग. इंग्रजांचं ब्लू, जर्मनांचं ब्लाउ, फ्रेंचांचंही ब्ल का कायसं. सगळी एका माळेची. मग फ्रान्सच्या भिंतीला भिंत लागून स्पेन, आणि तिथे एकदम आसूल? आळी एक आणि चाल दुसरी?"

"माई, त्यातल्या निम्म्यांच्या घरचा तो शब्दच नाही. उसना आणलाय."

उसना म्हटल्याबरोबर माईंनी चिमट्यांची पिशवी खाली ठेवली.

मग मी लॅटिनबाईंच्या घरचं सगळंच काढलं. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, रुमानियन या तिच्या लेकी. आईकडे निळ्याला शब्द होता, काएरुलेउस. आभाळाच्या शब्दावरून आला असावा असं म्हणतात. पण रोजच्या वापराचा निळा म्हणून एकाही लेकीनं तो सासरी नेला नाही. फ्रेंच लेकीनं शेजारच्या जर्मन कुळातल्या लोकांकडून ब्ल घेतला आणि पुढे तोच इंग्रजांना दिला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज बहिणींच्या दारात अरब बसले होते, त्यांनी अरबीतून घेतला. इटालियन बाई हुशार. तिनं दोन्हीकडून घेतला. गडद निळ्याला फ्रेंच बहिणीकडचा ब्लू आणि आभाळाच्या निळ्याला अरबीकडून आलेला आत्झुर्रो. त्यांच्या फुटबॉल संघाला आत्झुर्री म्हणतात ते यावरूनच.

"आणि ती पाचवी?"

"रुमानियन? तिचा शब्द आल्बास्त्रू. तो निघालाय पांढऱ्यावरून."

माईंनी एकदा सदऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे तिच्या घरीही नीळ जास्त झाली असणार."

आता त्या उसन्या वाटीत मुळात होतं काय, ते सांगायला हवं. होता दगड. अफगाणिस्तानात बदख्शान म्हणून डोंगराळ मुलूख आहे. तिथे कोकचा नदीच्या खोऱ्यात सर-इ-संगच्या खाणी आहेत आणि त्यातून हजारो वर्षं गडद निळा दगड निघतो आहे. इजिप्तच्या तुतानखामेनच्या मुखवट्यावर भुवया आहेत त्या याच दगडाच्या. मार्को पोलोनंही बदख्शानच्या या निळ्या दगडाची वाखाणणी करून ठेवली आहे. फारसीत या दगडाला म्हणतात लाजवर्द. आपल्याकडे हिंदी-उर्दूत लाजवर्दी रंग म्हणतात तो हाच. वैद्यांच्या पोथ्यांतला राजावर्त म्हणजेही लाजवर्दच, नुसता संस्कृतचा अंगरखा चढवलेला, असं जाणकार मानतात.

अरबांनी फारसीकडून शब्द घेतला तो लाझवर्द असा, आणि तो भूमध्य समुद्राकाठी पोचला. तिथे भानगड झाली. तिथल्या भाषांत नामाआधी 'ल' लावायची रीत आहे. फ्रेंचमध्ये मित्र म्हणजे आमी, आणि 'तो मित्र' म्हटलं की लामी. तेव्हा लाझुर कानावर पडल्यावर लोकांना वाटलं, यातला ल आपलाच, शब्द खरा आझुर! ल काढून बाजूला ठेवला आणि उरलेला शब्द नाव म्हणून चढवला. त्यातून फ्रेंच आझ्यूर, इंग्रजी अ‍ॅझ्युअर, इटालियन आत्झुर्रो, स्पॅनिश आसूल आणि पोर्तुगीज आझूल.

"सासरी गेल्यावर नाव बदलतात ते ठाऊक होतं," माई म्हणाल्या. "पण हिचं तर अक्षरच कापलं की!"

"सगळीकडे नाही कापलं. लॅपिस लाझुली म्हणतात त्या खड्याला, तिथे ल आहे. पोलिश आणि रशियन लोकांनीही लाझुर तसाच ठेवला. जर्मनांनीही ठेवला, पण त्यांची गंमत वेगळी. त्यांचा लाझूर म्हणजे लाकडावर देतात ते पारदर्शक रंगरोगण. चित्रकार निळ्याचा पातळ हात देत, त्या पातळ हाताला हे नाव चिकटलं आणि रंग मागे राहिला. आता जर्मनीत दुकानात सागवानी लाझूर मागा, तपकिरी मिळेल."

माईंना हे काही पटलं नाही. रंगाच्या नावाचा डबा उघडावा आणि आत तपकिरी निघावं, ही त्यांच्या मते फसवणूक आहे.

या दगडाचा रंग महाग का, तर नुसता कुटून भागत नाही. कुटला तर करडी पूड होते. १४०० च्या आसपास चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकारानं कृती लिहून ठेवली आहे. पूड राळ आणि मेणाच्या गोळ्यात मळायची आणि तो गोळा राखेच्या खारपाण्यात तिंबायचा. निळे कण खाली उतरतात, घाण गोळ्यात राहते. पहिल्या पाण्यातला निळा सर्वांत चांगला. समुद्रापलीकडून येतो म्हणून त्या रंगाचं नाव पडलं अल्ट्रामरीन. येशूची आई मेरी, तिच्या अंगावरच्या वस्त्राला तोच लावायचा. पण चित्रकार मेला हलका रंग वापरून पैसे खाईल ही धास्ती! म्हणून फ्लॉरेन्समध्ये १४८५ साली घिर्लांदायोशी एका चित्राचा करार झाला, त्यात निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन भावाचाच हवा असं कलम घातलं.

"पैठणी घेताना जर तपासून घेतो, तसंच म्हणायचं," माई म्हणाल्या. "पण आपली नीळ? ती कुठे बसते या गोतावळ्यात?"

मी त्याचीच वाट बघत होते.

"माई, आपल्या निळीनंही तोच प्रवास केला. संस्कृतातला नील फारसीत गेला, फारसीतून अरबीत. अरबीत नामाआधी अल् लावतात, आणि पुढे न आला की त्याचा उच्चार होतो अन्. म्हणजे अन्-नील. पोर्तुगीजांनी तो मागचापुढचा न बघता उचलला, तोंडानं जमेल तसा. त्यांच्याकडे नीळ झाली अनील."

"आमच्या धाकट्या दिराचं नाव!"

"त्यांचा अनिल वाऱ्याचा. याचा त्याचा संबंध नाही."

"मग दीर वाचले," माई म्हणाल्या. "म्हणजे बघ, एकीचं स्वतःचं अक्षर परकं समजून काढून घेतलं, आणि दुसरीला परक्याचं अक्षर स्वतःचं समजून चिकटवलं."

मी तास-दीड तास वाचून जे मनाशी जुळवलं होतं ते माईंनी एका वाक्यात सांगून मोकळं केलं. मी आपली गोधडी झटकली.

पोर्तुगीज मुलं इंद्रधनुष्याचे रंग पाठ करतात, त्यात या दोघी शेजारीशेजारी येतात. आधी आझूल, मग अनील. १८४० साली फ्रिट्शे या रसायनशास्त्रज्ञानं निळीपासून एक तेलकट पदार्थ काढला आणि या अनीलवरूनच त्याचं नाव ठेवलं अ‍ॅनिलीन. पुढे कारखान्यातल्या रंगांचा सगळा संसार त्याच्यावर उभा राहिला आणि १८९७ पासून जर्मनीतून कृत्रिम नीळ विकायला आली. निळीच्या शेतीचं कंबरडं त्यानं मोडलं.

मध्येच माईंना गोव्याची सहल आठवली. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात भिंतभर निळ्या-पांढऱ्या चित्रांच्या फरश्या आहेत, कामोइंश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेल्या. त्यांना आझुलेजू म्हणतात असं वाटाड्यानं सांगितलं होतं. "ते आझूलवरूनच ना?" नाही. अरबीत झुलैज म्हणजे घासून तुकतुकीत केलेला दगड, आझुलेजू त्यावरून. नुसता सारखा आवाज, आणि पुढे फरश्याही बहुतेक निळ्या होऊ लागल्या, त्यामुळे जो तो फसतो. एकाच आडनावाची दोन घराणी असावीत तसं.

ब्लूचं घराणं मात्र मी थोडक्यात आटोपलं. ते फार मिजासी नाही. जुन्या नॉर्स भाषेत त्या घराण्यातला ब्लार काळ्यालाही चाले. आणि भाषातज्ज्ञ त्याच मुळाशी लॅटिनचा फ्लावुस नेऊन बसवतात, ज्याचा अर्थ पिवळा.

"पिवळा?" माईंनी अण्णांचा सदरा दोरीवर उलटा केला. "हे म्हणजे कहरच. पिवळ्याचा निळा होतो होय?"

"तुमच्या बादलीतच झालाय. ती पुडी आहे ना, तिच्यात निळीचं झाड औषधालाही नाही. अल्ट्रामरीन परवडेना म्हणून फ्रान्समध्ये १८२४ साली बक्षीस लावलं, सहा हजार फ्रँक. गिमे नावाच्या माणसानं ते मिळवलं. चिनी माती, सोडा, कोळसा आणि गंधक भट्टीत भाजायचं. निळाई येते ती गंधकामुळे. बदख्शानच्या दगडातही तीच. पुडीतली भुकटी नीळ म्हणजे कारखान्यातला लाजवर्द."

माई बराच वेळ गप्प होत्या. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली तरी हलल्या नाहीत.

"म्हणजे नाव झाडाचं, माल दगडाचा, आणि रंग पिवळ्या गंधकाचा," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि नावं ठेवत होते मी त्या जर्मनांच्या तपकिरी डब्याला!"

पिशवी उचलून जाता जाता त्या वळल्या आणि त्यांनी निकाल दिला: अण्णांना सदरा पांढराच म्हणून सांगायचा. रुमानियात चालतं.